दिसल्याची पावती

लांडगा दिसला म्हणून पावती देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

केदारखेड्याच्या अलीकडं आमचं गाव. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात तो कंपाउंडर होता, सात-आठ वर्षं. त्याचं नाव मी इथं लिहीत न्हाई. त्याला ते आवडायचं न्हाई. म्हणायचा, “लिहिणाऱ्याचं नाव कशाला? पाहणाऱ्याचं पाहिजे.” अन् माझं नाव तर मुद्दामच लिहीत न्हाई. माझं नाव कागदावर लई वेळा येऊन गेलं, अन् नको तिथं आलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला. लिहिणं वाकडं असंल तर वाकडं वाचा. बायको जाऊन दोन पावसाळे झाले. घरात मी एकटा. दुपारी भाकर खाल्ली की बाजेवर पडतो. डोळा लागला का न्हाई हे आपलं आपल्याला कळत नसतं, त्या टायमाला तो सायकलवर येताना दिसतो. फुफाट्यातून येतो, पण आवाज न्हाई. आवाज तेव्हाही नव्हता. सायकलची घंटी त्यानं काढून टाकली होती. साखळीच्या पत्र्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती, खडखड होऊ नये म्हणून. हरणं बिचकतात म्हणे. हरणांचं म्हाईत न्हाई, आम्ही मात्र बिचकायचो. माणूस निवांत बांधावर बिडी ओढून राह्यला अन् मागून एकदम, “काय दिसलं?”

राम राम न्हाई, चहापाणी न्हाई. काय दिसलं?

माणसांना तो अरेतुरे करायचा. सरपंचालासुद्धा. पण जनावराला अहो. एकदा माझा चुलतभाऊ दवाखान्यात नीलगाईंच्या नावानं चिडून सांगत होता, “साहेब, रोह्यांनी माझी तूर खाल्ली.”

“किती जण आले होते?”

“जण?” भाऊ म्हणला. “रोही होते साहेब, वऱ्हाडी न्हाई.”

“तेच विचारतोय. बाया किती, पोरं किती? मोठे काळे होते का सोबत?”

भाऊ तुरीचं रडगाणं विसरला अन् बोटं मोजत बसला.

खुर्चीवर तो कधी बसला न्हाई. दवाखान्याच्या दारात घमेलं पालथं घालून त्यावर बसायचा. मांडीवर फळी. फळीवर जनावरांना लस टोचल्याचे जुने फॉर्म, त्याची कोरी पाठ वर. त्यावर पाच रकाने आखलेले. दिवस, वेळ, जागा, काय दिसलं, पाहणाऱ्याचं नाव. खाली कार्बन. वरचा कागद तो ठेवून घ्यायचा, खालचा फाडून सांगणाऱ्याला द्यायचा. पावती. आमचा तालुका पावतीवर विश्वास ठेवणारा. पावती मिळाली की माणसाला वाटतं, काहीतरी बराबर झालं. गावात चेष्टा लई झाली. “लांडग्याची पावती फाडली का? मंग आता सातबाऱ्यावर चढव, लांडगा तुझ्या नावावर झाला!” पण पावती कुणी फेकली न्हाई. लाईटबिलाच्या तारेत ओवून ठेवली.

माझी त्याची गाठ पडली ती बैलामुळं. बैलाचा खांदा सुजला होता. आमच्या वस्तीवरून गावातल्या दवाखान्यापर्यंत दीड कोस चालवत नेला. त्यानं खांदा धुतला, औषध लावलं, हात पुसले अन् घमेल्यावर बसला.

“येताना काय दिसलं?”

“काय दिसणार? रस्ता.”

“दीड कोसात?”

“हो.”

“एखादं तितर? खोकड? घारसुद्धा नाही?”

“न्हाई ना साहेब.”

मला वाटलं, बस, सुटलो. त्यानं फॉर्म काढला अन् लिहिलं. मंग पावती माझ्या हातात. वाचली. ‘काही दिसलं नाही.’ पुढं माझं नाव.

“ही कशाची पावती?” मी म्हणलो.

“न दिसणं हीसुद्धा बातमी आहे,” तो म्हणला. “आज नाही दिसलं, हे लिहून ठेवलं तरच उद्या दिसलं त्याला अर्थ. जा.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता हसली, हसता हसता भाकर तुटली. “तुम्हाला कसं दिसंल ओ? तुम्ही चालताना बैलाच्या शेपटीकडं पाहता.” अन् मंग तिनं तिथंच, चुलीपुढं, सांगायला सुरुवात केली. सकाळी नाल्यात खोकडाची जोडी होती. एकाची शेपटी अर्धी तुटलेली. कोरड्या विहिरीत घुबडानं पिलं काढलीत, तीन. मी म्हणलो, “हे मला कधी सांगितलं न्हाई?” ती म्हणली, “तुम्ही कधी विचारलं?”

खरं हाय. वीस वर्षांच्या संसारात मी तिला काय दिसलं हे एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या वेळी बैल घेऊन गेलो तेव्हा मी खोकडाची जोडी सांगितली. त्याची मान वर झाली. “शेपटी अर्धी? कुणी पाहिलं?”

दारात पाच-सहा माणसं बसलेली. आमच्याकडं चार माणसांत बायकोचं नाव घेत न्हाईत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तोंडातून निघून गेलं, “मी.”

इथं मी खोटं बोललो. छोटं होतं. पण पावती फाटली अन् छोटं राह्यलं न्हाई.

पावती घरी आणली तर ती केवढी खूश! तिला वाचता येत नव्हतं. म्हणली, “लिहिलं का माझं सांगितलेलं?” मी म्हणलो, “बराबर लिहिलं.” तिनं छत्रीची जुनी तार वाकवली, देवळीशेजारच्या खिळ्याला लटकवली अन् पावती ओवली. खाली माझी ती ‘काही दिसलं नाही’वाली, वर तिची खोकडं. मंग रोज संध्याकाळी ती सांगायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी जाऊन लिहवायचो. हरणाची पाडसं, मुंगसांची लढाई, टिटवीची अंडी. पाहणाऱ्याचं नाव, माझं. तार भरत चालली.

कंपाउंडर मला शिकवू लागला, शागीर्द मिळाल्यासारखं. सुरुवात आपल्या बांधापासून करायची, म्हणायचा. रोज एकच जागा, एकच वेळ. नाव म्हाईत नसलं तर नाव ठेवू नको, रंग सांग, चाल सांग. दिसलं ते सांग, वाटलं ते घरी ठेव. अन् चुकलं तर खोडरबर लावायचं न्हाई. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. “चूक दिसली पाहिजे,” म्हणायचा. “खोडरबर लावला की चूकही खोटी होते.” मी मान डोलवायचो अन् घरी येऊन हे सगळं तिला सांगायचो. तिच्या ते आधीच अंगात होतं.

श्रावणात एक दिवस ती गायरानातून गवताचा भारा घेऊन आली. भारा टाकला न्हाई, डोक्यावर तसाच, अन् बोलू लागली. “ओ, आज एक पाखरू पाहिलं. कोंबड्याएवढं, काळं. पंखावर पांढरं. गवतातून वर उसळलं, पुरुषभर उंच, अन् परत तिथंच बुडालं. परत उसळलं. लाही फुटावी तसं. अन् बेडकावाणी टर्र करतंय. कानामागून बारीक तुरे, मागं वळलेले.” तिच्या कपाळावरून घाम गळत होता अन् ती हसून राह्यली होती. नागपंचमी दोन दिवसांवर होती, म्हणून तिला लाही सुचली असंल.

मी दवाखान्यात जाऊन हेच, शब्दाला शब्द, सांगितलं. लाहीसुद्धा.

कंपाउंडरनं फळी खाली ठेवली. उठला. माझ्याजवळ आला अन् बैलाचा डोळा तपासतात तशी माझी खालची पापणी ओढून त्यानं माझ्या डोळ्यात पाहिलं. चार माणसांदेखत म्हणला, “या डोळ्यांनी तणमोर पाहिला रे! मी अठरा वर्षं शोधतोय.” मंग भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभा राह्यला.

तिथं बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोललो. छाती भरून आल्ती. आयुष्यात माझ्या डोळ्याचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

“जागा?” त्यानं विचारलं.

जागा मी तिला विचारलीच नव्हती. बायकोचं बोलणं आपण अर्धंच ऐकतो. गायरान केवढं मोठं! मी म्हणलो, “खालच्या अंगाला, नाल्याजवळ.”

त्यानं तीन दिवसांची रजा टाकली. पहाट ते दुपार नाल्याच्या काठी गवतात पालथा पडून राह्यला. पावसात भिजला. डासांनी तोंड सुजलं. चौथ्या दिवशी दवाखान्यात आला तेव्हा म्हणला, “ते असतील. मला दिसले नाहीत, एवढंच.” अन् स्वतःच्या नावानं पावती फाडून खिशात घातली. काही दिसलं नाही.

संध्याकाळी मी बायकोला उगं विचारावं तसं विचारलं, “ते पाखरू कुठं दिसलं गं तुला?”

“वर. म्हसोबाच्या दगडापाशी. का?”

“काही न्हाई.”

त्या हिवाळ्यात मारुतीच्या देवळात बायांचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. दुपारी बसायचा. ती जाऊ लागली. तिथं आधी आपलं नाव शिकवतात. ती चुलीतली राख पसरून त्यावर बोटानं नाव काढायची, पुसायची, परत काढायची. मला गंमत वाटायची. पुढचं कळलं न्हाई.

एक दिवस शेतातून आलो तर तार रिकामी. सगळ्या पावत्या जमिनीवर मांडलेल्या, अन् ती एकेकीवर बोट ठेवून शेवटचा रकाना पाहून राह्यली होती. आपलं नाव हुडकत होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शेवटची पावती झाली तेव्हा तिनं वर पाहिलं.

“हे कुणाचं नाव हाय?”

“माझं.”

“सगळ्यांवर?”

मी वहाणा काढून दाराशी ठेवल्या.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पावत्या गोळा केल्या, तारेत होत्या तशा ओवल्या अन् पीठ मळायला घेतलं. संध्याकाळी मी विचारलं, “आज काय दिसलं?”

“काही न्हाई.”

दुसऱ्या दिवशी, काही न्हाई. हरभरा निघाला, ज्वारी निघाली, काही न्हाई. ती शेताला जायची, यायची, अन् तिच्या डोळ्यांतलं सगळं तिथंच राहायचं. घर आंधळं झालं. मी स्वतः पाहायचा प्रयत्न केला. मला कावळे दिसले.

दवाखान्यात गेलो की तो विचारायचा, “काय रे, डोळे आले का तुझे? किती दिवस झाले.” मी म्हणायचो, कामं हाईत साहेब. एक दिवस न्हाई राहवलं.

“साहेब, मी काहीच पाहिलं न्हाई. कधीच. घरच्यांनी पाहिलं.”

दारात माणसं होतीच. एकजण खोकला. कंपाउंडर औषधाच्या बाटलीला बूच लावत होता. त्यानं बूच हळूहळू, पुरं लावलं.

“आणि तणमोर?”

“तिनंच.”

“जागा?”

“ती पण खोटी सांगितली. मला म्हाईत नव्हती.”

तो घमेल्यावर बसला. “तीन दिवस,” एवढंच म्हणला. मला वाटलं मारंल. मारलं असतं तर खाल्लं असतं. त्यानं फळी मांडीवर घेतली.

“नाव?”

“कुणाचं?”

“पाहणाऱ्याचं. रकाना आहे, त्यात नाव लागतं. ‘घरचे’ लिहिता येत नाही. कुणाच्या घरचे?”

“साहेब, माणसं हाईत.”

“तुझं नाव सांगताना नव्हती का माणसं?”

मी टोपी काढली अन् परत घातली. मागून कुणीतरी म्हणलं, “घे की उखाणा, लाजतो काय नवरदेवावाणी!” सगळे हसले. मंग मी बोललो. आवाज जास्तच मोठा निघाला.

“कौसाबाई.”

हसणं थांबलं. का थांबलं मला आजही सांगता येत न्हाई. उखाणा न्हाई, यमक न्हाई, नुसतं नाव ते.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. बायको डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात बसली. मला त्यानं अंगणात उभं केलं. तार काढायला लावली, सोबत त्याचे वरचे कागद. एकेक वाचायचा अन् विचारायचा, “वैनी, हे तुम्ही पाहिलं?” तिला तारखा कळत नव्हत्या, पण कामं आठवायची. “हो. त्या दिवशी मी हरभऱ्याची भाजी खुडत होते.” “हो. त्या दिवशी सासूबाईचं पित्तर होतं.” दोन ठिकाणी ती थांबली.

“हे न्हाई सांगितलं मी. लांडगा न्हाई सांगितला.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. ते दोन लांडगे मीच सोडले होते. ऐटीसाठी. पावती लांडग्याची असली की जरा बरं वाटायचं.

“म्हणजे हे दोघे आलेच नव्हते,” तो म्हणला अन् त्या दोन ओळींवर, माझ्या नावासकट, आडवी रेघ मारली. बायकोच्या पदराआड मला हसू दिसलं. कित्येक महिन्यांनी.

बाकी पावत्यांवर माझ्या नावावर एक रेघ, वर तिचं नाव. चाळीसएक पावत्या. ती शेजारी बसून प्रत्येक अक्षर तपासत होती. एकदा म्हणली, “साहेब, इथं काना राह्यला.” त्यानं काना दिला. बैलाच्या दिवशीची माझी पहिली पावती आली, ती त्यानं वाचली अन् बाजूला ठेवली. “ही खरी आहे,” म्हणला.

पुढचे तीन श्रावण ती दोघं म्हसोबाच्या दगडापाशी बसली. मी बैलांजवळ लांब उभा राहायचो. त्या दगडापाशी जायला मला तोंड नव्हतं. लांबून गवत हललेलं दिसायचं, वाऱ्यावर पाण्यासारखं, अन् त्यात दोन डोकी. एक पांढरं, एक हिरव्या पदराचं. पाखरू आलं न्हाई. तीन वर्षांच्या पावत्यांवर तेच, काही दिसलं नाही. मी खरी जागा सांगितली असती त्या पहिल्या श्रावणात, तर त्यानं पाहिलं असतं. त्यानं हे मला एकदाही बोलून दाखवलं न्हाई. मी रोज स्वतःला बोललो.

मंग त्याची बदली झाली. जाताना कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा अन् कार्बन तिच्याजवळ दिला. मला म्हणला, “तू लिही. पाहायच्या भानगडीत पडू नको.” ती हसली. मीही हसलो. सायकल निघाली ती आवाज न करताच.

ती सांगायची, मी लिहायचो. काही खास असलं की पोस्टकार्ड टाकायचो. त्याची पावती टपालानं यायची. ती पोस्टमनच्या हातून स्वतः घ्यायची, वाचायची, ओवायची. एके वर्षी पावती यायची थांबली. आणखी दोन कार्डं टाकली. त्यांचंही उत्तर आलं न्हाई. ती म्हणली, “आता आपणच फाडायची पावती.” मंग मी फाडायचो अन् तिला द्यायचो.

शेवटचं तिनं सांगितलं ते खाटेवरून. खिडकीतून चिमणी दिसली, चोचीत कापूस. मी लिहिलं, वेळेसकट. ती पावती तारेत ओवायचं तिच्यानं झालं न्हाई, मीच ओवली.

त्यानंतर फॉर्म तसेच पडले. मला काय दिसणार?

यंदा नागपंचमीला शेजारच्या सूनबाईनं लाह्या आणून दिल्या. वाटी हातात घेतली अन् काय झालं कुणास ठाऊक, फळी घेतली, गायरानात गेलो. अर्धं गायरान आता नांगरून टाकलंय. दगड हाय. गवत हाय थोडं. पहिल्यांदाच त्या दगडापाशी बसलो. ऊन-सावली पळत होती. डोळा लागला का न्हाई सांगता येत न्हाई. बेडूक टर्र करत होते. गवत हललं. मी पाहून राह्यलो, हलणं थांबेपर्यंत. मंग वारा होता हे कळलं.

वाटलं ते घरी ठेवायचं. म्हणून दिसलं तेवढंच लिहिलं. पाहणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

घरी येऊन पावती तिच्या तारेत ओवली, चिमणीच्या वर. सगळ्या तारेत माझं न खोडलेलं नाव आता दोनच पावत्यांवर हाय. एक अगदी खाली, एक अगदी वर. दोन्हींवर लिहिलंय, काही दिसलं नाही. मधली सगळी कौसाबाई.